बाई उतरून गेल्या ती वाट

चालणं बंद झालं, म्हणून आता बोलतेय. मी गाडी. माझ्यासारख्या पांढऱ्या गाड्या रस्त्यावर ढीगभर दिसतील, म्हणून खूण सांगते. माझ्यात ब्रेक दोन आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी. मी गाडी शिकवणाऱ्या मास्तरांची गाडी.

सध्या भंगाराच्या आवारात आहे. माझी चाकं काढून नेली, दिवे नेले, बॅटरी तर आल्या दिवशीच गेली. माझ्या टपावर एक लाल गाडी चढवून ठेवली आहे, तिला पुढचं तोंडच नाही. ती काही बोलत नाही. मी मात्र बोलून घेते, कारण मला एक गोष्ट ठाऊक आहे आणि ती माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही.

कारखान्यातून माझ्याबरोबर निघालेल्या गाड्या घरोघरी गेल्या. मला आधी एका गॅरेजात नेलं. तिथला मेकॅनिक पाठीवर झोपून माझ्या पोटाखाली शिरला आणि जास्तीचा ब्रेक बसवायला लागला. मला वाटलं, आपल्यात काहीतरी खोट निघाली. मग उंच, काटकुळे मास्तर आले. शेजारच्या सीटवर बसून त्यांनी तो ब्रेक दाबून पाहिला आणि म्हणाले, "झकास. आता कोणीही येऊ दे."

आणि खरोखर कोणीही आलं. प्रत्येक वळणाआधी डोळे गच्च मिटणारा कारकून आला. गिअर खरवडला की गिअरलाच 'सॉरी' म्हणणारी दातांची डॉक्टर आली. नवरा गेल्यावर दारात उभी राहिलेली गाडी कोण चालवणार, म्हणून साठीतली एक आजी आली आणि सगळ्यांत लवकर शिकली. माझं तारुण्य धक्के खाण्यात गेलं. पण त्या धक्क्यांत मला माणसं कळली. घरात समोरासमोर बसून माणसं लपवतात, गाडीत शेजारी बसून सांगतात. एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही ना, म्हणून असेल. मास्तरांना शिकणाऱ्यांची किती गुपितं माहीत होती! ते नुसतं "हं" म्हणायचे आणि पुढे म्हणायचे, "आरसा बघा."

मास्तरांच्या बायकोला मी बाईच म्हणते, कारण मास्तरही तसंच म्हणायचे. बाई टपाल खात्यात होत्या. खात्यानं व्हॅन दिली, पण चालवता कुठं येत होती? मग शिकायला मास्तरांकडे आल्या. ही माझ्या आधीच्या गाडीची हकिगत. पहिल्याच दिवशी त्यांनी गाडी मास्तरांसकट नाल्यात घातली. "नाल्यातून बाहेर आलो आणि लग्नच केलं," असं मास्तर प्रत्येक नव्या शिकाऊला सांगायचे. लग्नानंतरही ते त्यांना बाई म्हणत राहिले, त्या त्यांना मास्तर. बाईंनी नोकरीची सगळी वर्षं गावाबाहेरच्या वस्त्यांवर टपाल वाटलं. एकट्या, त्यांच्या व्हॅनमधून.

त्या निवृत्त झाल्यावरची गोष्ट. बाजारातून येताना माझ्यात बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि सहज विचारलं, "मास्तर, आज कुठल्या बाजूची फेरी?"

मास्तर खो खो हसले. पुन्हा तोच प्रश्न आला तेव्हा ते हसले नाहीत.

मग बाई सकाळी उठून पिशवी खांद्याला लावून घराबाहेर पडायला लागल्या. कधी शेजारी आणून सोडायचे, कधी दूधवाला. एकदा मास्तर आणि मी शिकाऊला अर्ध्या रस्त्यात उतरवून त्यांना शोधायला निघालो. पुलावर सापडल्या. मास्तरांनी दार उघडलं तर म्हणाल्या, "बरं झालं आलात. व्हॅन बंद पडली वाटतं."

त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात इस्पितळात नोकरी करते. तिचा फोन यायचा आणि मास्तर तो माझ्यातच घ्यायचे, बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून. मुलीनं एक जागा पाहून ठेवली होती. अशाच माणसांना सांभाळणारी, स्वच्छ, बाग असलेली.

"आणि दाराला कुलूप असलेली," मास्तर म्हणाले.

"कुलूप आहे म्हणूनच मला झोप लागेल, बाबा. तुम्हालाही लागेल."

मास्तर बरेच दिवस अडून राहिले. शेवटी एका दुपारी म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या महिन्यात." फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी माझं चाक धरून बसले. मी तर जागेवर उभी होते.

याच सुमारास बाईंनी एक नवीन धोशा लावला होता. "आपण झाडांकडं जायचं होतं ना?"

कुठली झाडं, ते सांगता यायचं नाही. मास्तर त्यांना बागेत घेऊन गेले. "ही नव्हेत." शाळेमागच्या रस्त्याला दुतर्फा जुनी झाडं होती, तिथं नेलं. "ही नव्हेत हो, मोठी." त्यांच्या माहेरच्या गावीही जाऊन आलो. तिथलं झाड कधीच तोडलं होतं. त्या जागी पत्र्याची शेड होती. बाईंनी त्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"मोठी म्हणजे केवढी, बाई?"

"मोठी," बाई म्हणाल्या आणि दोन्ही हात पसरले. माझ्यात हात पसरायला जागा ती किती? एक हात काचेवर आपटला, दुसरा मास्तरांच्या नाकावर. दोघंही हसले.

मग मास्तरांना ते जंगल आठवलं. दोन दिवसांच्या वाटेवर डोंगरात हजार-दोन हजार वर्षांची झाडं आहेत, लोक लांबून बघायला जातात, एवढं त्यांनी ऐकलेलं होतं. बाईंना तीच झाडं हवी होती का, कोण जाणे. पण मास्तरांनी ठरवलं. माझ्या टपावरची 'शिकाऊ' पाटी काढली, टाकी भरली, डिकीत पांघरुणं टाकली.

मुलगी निरोपाला आली होती. रजा नव्हती, नाहीतर बरोबरच आली असती. ती माझ्या खिडकीशी वाकली. "बाबा, आईला मागं बसवा. मागच्या दाराला ती लहान मुलांची कडी आहे ना, ती लावा. आतून उघडत नाही मग."

"तुझी आई काय सामान आहे?"

"बाबा, मी तसं म्हणत नाहीये."

"तू म्हणतेस ते कळलं मला." मास्तरांनी बाईंना पुढं, आपल्या शेजारी बसवलं आणि पट्टा लावला.  मग मुलीनं खिडकीतून हात घालून आईच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं.

पहिला दिवस छान गेला. असा दिवस माझ्या वाट्याला पूर्वी आलाच नव्हता. मी आयुष्यभर त्याच चार गल्ल्यांतून, तेच वळण घेत फिरलेली. एवढा लांब सरळ रस्ता मला कोणी दाखवलाच नव्हता. दुपारनंतर वाहनं विरळ झाली, दोन्ही बाजूंना शेतं, मधूनच एखादं घर. मास्तरांनी मला कडेला घेतलं आणि बाईंना म्हणाले, "चालवतेस?"

त्यांनी असं करायला नको होतं, हे मलाही कळत होतं. पण जागा बदलून बाई चाकामागे बसल्या मात्र, आणि मला सराईत हात लागला. आदल्या रात्रीचं जेवण न आठवणाऱ्या त्या बाईंनी क्लच असा सोडला की मला हिसकासुद्धा बसला नाही. शेजारी मास्तर पाय ब्रेकवर ठेवून बसले होते. ठेवून फक्त. दाबावा लागला नाही.

एका शेतघराच्या फाटकाशी बाईंनी मला हळूच आत घेतलं. थेट फाटकाला चिकटून, एका हाताच्या अंतरावर. काच खाली केली, हात बाहेर काढला, थोडा थांबवला, आत घेतला आणि निघाल्या. पुढच्या फाटकाशी तेच. त्याच्या पुढच्या फाटकाशीही. मास्तर "वा बाई, वा" म्हणत होते. मग त्यांनी तोंड पलीकडे वळवलं आणि बराच वेळ शेतांकडेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी चढ लागला आणि दुपारी आम्ही त्या जंगलात शिरलो.

काय सांगू? भरदुपारी मास्तरांनी माझे दिवे लावले. मुळांनी डांबर खालून उचललेलं, त्यावरून जाताना मी बोटीसारखी डुलत होते. एकेक बुंधा माझ्या लांबीपेक्षा रुंद. फांद्या कुठं सुरू होतात ते माझ्या काचेतून दिसतच नव्हतं. आणि आवाज नाही. माझ्या इंजिनाचा आवाज मला नेहमी भिंतींवरून परत ऐकू यायचा. इथं तो गेला तो गेला. मला तिथं बरं वाटलं नाही. सगळे म्हणतात, त्या झाडांखाली मन शांत होतं. मला वाटलं, इथं कोणी कितीही ओरडलं तरी या झाडांना त्याचं काही नाही.

"हीच का गं ती?" मास्तरांनी विचारलं.

बाई मान मागं टाकून बघत राहिल्या. "एवढी मोठी कशाला?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "हं."

त्या 'हं'चा अर्थ मास्तरांना शेवटपर्यंत लागला नाही.

गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत मला उभं केलं. दोघं हात धरून सगळ्यात थोरल्या झाडाला फेरी मारून आले. बाईंचे हात गार पडले होते. मास्तरांनी त्यांना परत पुढच्या सीटवर बसवलं, पायांवर पांघरूण घातलं. चहाची टपरी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि तिथं रांग होती.

"बाई, मी चहा घेऊन येतो. इथंच बस. उतरू नकोस हं."

"नाही उतरत," बाई म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या.

मास्तर दोन पावलं गेले आणि परत आले. त्यांनी माझं मागचं दार उघडलं. दाराच्या कडेला ती बारीकशी कडी असते, तिच्याकडे पाहिलं. मग दार हळूच लावलं आणि चहाला गेले.

आता माझ्याशिवाय कोणी न पाहिलेलं सांगते.

बाई थोडा वेळ बसल्या. मग त्यांचं लक्ष समोर गेलं. मैदानाच्या कडेला खांबावर एक पेटी होती, तिच्यात जंगलाची माहिती देणारी पत्रकं ठेवलेली, येणाऱ्यांनी एकेक घ्यावं म्हणून. बाईंनी पांघरूण नीट घडी करून सीटवर ठेवलं. पट्टा सोडला, दार उघडलं, लावलंही. पेटीपाशी जाऊन त्यांनी सगळा गठ्ठा उचलला, कडा ठोकून सारखा केला आणि पिशवीत टाकला. पिशवी खांद्याला लावली. मग स्वच्छतागृहाच्या मागून एक जुनी पायवाट जाते, तिला आडवी साखळी लावलेली होती, तिकडे निघाल्या. साखळी हातानं वर उचलून खालून गेल्या. मागं वळून पाहिलं नाही.

माझ्यात हॉर्न आहे. केवढा मोठा आहे! पण तो वाजवायला माणसाचा हात लागतो.

मास्तर दोन कप सांभाळत आले. रिकामी सीट पाहून त्यांनी कप माझ्या बॉनेटवर ठेवले आणि हाका मारायला सुरुवात केली. आधी हळू, लाजत लाजत. मग लाज सोडून.

वनरक्षक बाई धावत आली, तरणीताठी, खाकी कपड्यांतली. तिनं मैदानातल्या सगळ्यांना विचारलं. "एक वयस्कर बाई, गोंधळलेली, घाबरलेली, इकडंतिकडं बघत जाताना दिसली का?" सगळ्यांनी माना हलवल्या. खोटं नव्हतं ते. गोंधळलेली बाई कोणी पाहिलीच नव्हती. बाई कामाला निघालेल्या माणसासारख्या चालत गेल्या होत्या, आणि कामाला निघालेल्या माणसाकडे कोण बघतं?

त्यांनी थोरल्या झाडाभोवती शोधलं, कारण बाई तिथं जाऊन आल्या होत्या. ओढ्याकाठी शोधलं, कारण म्हणे हरवलेली माणसं पाण्याकडे जातात. साखळीच्या वाटेवर कोणी गेलं नाही. तो रस्ता पुढचा पूल मोडल्यामुळे बंद होता. शोधणारे माझ्या पुढून जात, माझ्याच बॉनेटवर नकाशा पसरत, आणि मी, जिच्या डोळ्यांदेखत सगळं घडलं, ती खांबासारखी उभी. अंधार पडला तसं धुकं उतरलं. ती रात्र मास्तरांनी माझ्यात काढली. त्या रात्रीचं मी काही सांगणार नाही.

रात्रभर प्रवास करून दुसऱ्या दिवशी मुलगी आली. बापलेकींनी एकमेकांना जवळ घेतलं नाही. ती सरळ शोधणाऱ्यांच्यात मिसळली आणि दिवसभर रानात आईला हाका मारत फिरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षक बाई पेटीत पत्रकं भरायला आली आणि पेटीत डोकावून स्वतःशीच म्हणाली, "एवढी भरली होती. एकही नाही?" बाई टपाल वाटायच्या, हे तिनं मास्तरांकडून ऐकलेलं होतं. मग तिनं साखळीकडे पाहिलं, आणि पळत सुटली.

पुढचं मी ऐकलेलं. साखळीपलीकडे पहिल्याच झाडाच्या सालीच्या भेगेत, हात पोचेल अशा उंचीवर, एक पत्रक सापडलं. मधोमध घडी घातलेलं. पुढच्या झाडावर दुसरं. मग एकही झाड सुटलेलं नव्हतं. एका दाराला एक, असं वाटत वाटत बाई मोडक्या पुलाखालून पलीकडे गेल्या होत्या. शेवटचं पत्रक जिथं होतं त्याच झाडाच्या बुंध्यात आगीनं झालेली पोकळी होती. बाई तिच्यात बसलेल्या होत्या, मांडीवर रिकामी पिशवी घेऊन.

"थंडीनं," वनरक्षक बाई मास्तरांना म्हणाली. "पहिल्याच रात्री असावं, काका."

मास्तर म्हणाले, "पांघरूण गाडीतच राहिलं." तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

बाईंना दुसऱ्या गाडीतून नेलं. मला मुलीनं चालवत आणलं. मास्तर शेजारी. घाट उतरलो.

"तू मागं बसव म्हणाली होतीस," मास्तर म्हणाले.

"म्हणाले होते."

"मग बोल ना. काय बोलायचंय ते बोल."

"आत्ता नको, बाबा. आत्ता मी बोलले तर ते तुम्हाला आयुष्यभर पुरेल."

ती समोर बघत होती, तेही समोर बघत होते. मग त्यांनी विचारलं, "घाबरली असेल का गं? मला हाका मारल्या असतील?"

"मला काय माहीत, बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, पण तिनं मला थांबवलं नाही.

त्यानंतर मास्तरांनी कोणाला शिकवलं नाही. मला घराखाली उभं केलं ते केलंच. सकाळी खाली उतरून येत, माझ्यात शेजारच्या सीटवर बसत, आणि वर जात. मुलगी यायची तेव्हा भाजीचं, औषधांचं, नळाच्या गळतीचं बोलणं व्हायचं. ते एक सोडून सगळं. माझ्या चाकांतली हवा गेली, काचांवर धूळ बसली, पोरांनी त्यावर बोटानं तोंडं काढली. मग मास्तरांचं खाली येणंही थांबलं. मुलगी त्यांना आपल्या घरी घेऊन गेली आणि मला भंगारात द्यायचं ठरलं.

न्यायच्या आदल्या दिवशी ती मला आवरायला आली. जुने कागद काढले, मास्तरांची टोपी काढली, ते पांघरूण काढलं. मग तिनं मागचं दार उघडलं, कडेची ती बारीक कडी बोटानं खाली केली, आत बसली आणि दार ओढून घेतलं. आतून मूठ ओढली. दार उघडलं नाही. पुन्हा ओढली. जोरात ओढली. मग खांद्यानं धक्का दिला. काचेतून बाहेरचा रस्ता दिसत होता, माणसं जात होती. ती हात मांडीवर घेऊन कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. शेवटी मधल्या फटीतून पुढच्या सीटवर आली आणि बाहेर पडली. हे तिनं बापाला सांगितलं असेल का? सांगितलं नसेल. माझी ओळख आहे त्या दोघांशी.

उद्या-परवा मला दाबायच्या यंत्राखाली नेतील. त्याचं मला फारसं वाटत नाही. लोखंडाचं काहीतरी होतच राहतं. माझी विनंती एवढीच आहे, की कोणाची मास्तरांशी गाठ पडली, तर त्यांना माझा निरोप द्या. त्या पोकळीत बाईंचं काय झालं, शेवटी त्यांनी कोणाला हाक मारली, ते मला माहीत नाही. खोटं सांगणार नाही. पण माझ्या दारापासून साखळीपर्यंत मी त्यांना पाहिलंय. मान ताठ होती. पाय भरभर उचलत होते. आणि मास्तर, साखळीखालून वाकताना त्या गुणगुणत होत्या.